चार्ज

खोक्यावर बाण होता, 'ही बाजू वर',
आणि मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात
तो बाण आडवा पडून भिंतीकडे बोट दाखवत होता.
चेन्नईहून सव्वीस तास.
थर्माकोल, चिकटपट्टी, आत फुगवलेली पिशवी,
पिशवीत दीड फुटाचा अरोवाना,
रंग उडालेला, घासून घासून पांढऱ्या पडलेल्या जर्मनच्या डब्यासारखा.

इलियासभाईंना तो दुकानात हवा होता.
शिकलगार गादी सेंटर, शुक्रवारी उद्घाटन,
काउंटरमागे सहा फुटी टाकी, निळा लाइट, बरकत.
मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू,
नाइट करून आले होते, पर्सही खांद्यावरच.
"सॅलोमी सिस्टर, जरा बघता का?
एवढ्या गाद्या बघून झोपलाय वाटतं."

झोपला नव्हता. एका कुशीवर कलला होता.
घड्याळ लावून कल्ले मोजले:
मिनिटाला एकशे चौदा.

आधी लाइट बंद. मग माणसं कमी करा.
शटर अर्धं खाली, टाकीला तीन बाजूंनी गाद्यांच्या खोळी,
चौथ्या बाजूला मी.
पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही,
सव्वीस तासांचं त्याचं स्वतःचंच विष आहे ते.
त्याला टबात घेतला, आणि वरून
सलाइनच्या नळीने टाकीचं पाणी, थेंब थेंब,
चाकी फिरवून, जशी वॉर्डात लावते
घाईने दिलेलं काहीच सोसत नाही अशा म्हाताऱ्यांना.
पाणी महापालिकेचंच, पण दोन दिवस ड्रममध्ये निवलेलं.
जाडं मीठ, मोजून.
हवेच्या दगडाचे बुडबुडे.

"आणि खायला?"
"काही नाही."
"काहीच?"
"उपाशी चार दिवस जगेल. आत्ता भरवलात तर सांगता येत नाही."
अम्मींनी कोळंबी सोलून पाठवली होती, वाटीभर.
मी तिच्यावर चिठ्ठी लावली, तारीख टाकली,
फ्रीजमध्ये ठेवली.

एक मेव्हणा आला. काचेवर टकटक केली.
वॉर्डातही प्रत्येक खाटेला असा एक असतोच,
पेशंटला हलवून विचारतो, ओळखलंस का मला?
त्याला चहा आणायला पाठवलं. दोनदा.

माझ्या दोन रात्री ऑफ होत्या.
दोन्ही त्या टाकीसमोर गेल्या,
आणि कोणी विचारलंच असतं तर सांगता आलं नसतं
की मी नेमकं काय करत होते.
काही करत नव्हते.
ते करायला शिकण्यात माझी नोकरीतली अकरा वर्षं गेली.

शुक्रवारी फीत कापली गेली.
पाहुण्यांनी विचारलं, खोळीमागे काय?
इलियासभाई, जे फोनवरही चौकाला ऐकू जाईल असं बोलतात,
हळूच म्हणाले, आजारी आहे आत एकजण.
मग सगळे नव्या गाद्यांच्या कडेकडेने बसले,
पेढे कुजबुजत खाल्ले.

संध्याकाळी मला ड्यूटी.
चार्ज दिला सुमय्याला, इयत्ता चौथी.
बिलबुकाच्या मागच्या पानावर तीन रकाने आखून दिले.
काच वाजवायची नाही. झाकण उघडायचं नाही,
घाबरला तर उडी मारतो. फक्त मोजायचं.

सकाळी येऊन वाचलं:

*रात्री ९. कल्ले ९६. तिरका.*
*१०. कल्ले ९१. मी शिंकले, तो दचकला. सॉरी म्हटलं.*
*१०.४०. अब्बू म्हणाले झोप. कल्ले ८८.*
*पहाटे ५.३०. दादीने फजरला उठवलं. कल्ले ६८. सरळ.*
*एक मिशी तुटली आहे. रंग आला, पाठीवर थोडा.*
*माझे पण श्वास मोजले. २२.*

मी खाली वेळ घातली, सही केली.
मग पर्स ठेवायचं लक्षात आलं.